जाणाऱ्याचा चहा

वाइनसाठी चिरडलेल्या द्राक्षांचा वास आधी गोड येतो, मग घशाशी आंबट होतो आणि शेवटी कपाळाच्या आत कुठेतरी जड होऊन बसतो. नाशकात थंडी सरत आली आणि गंगापूरच्या बाजूने वारा फिरला की तो रस्ता ओलांडून येतो, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो, उशांच्या अभ्र्यांत मुक्काम करतो. लोकांना तो हंगामाचा वास वाटतो. त्या दुपारी मात्र तो माझ्या नवऱ्याला हाका मारत होता.

माझे यजमान तेव्हा दारू सोडलेल्या पुरुषांच्या एका घरात राहत होते. उपचार संपले तरी लगेच जुन्या गल्लीत, जुन्या सोबत्यांत परतायचे नाही. काही महिने आपल्यासारख्याच माणसांबरोबर राहायचे, झाडायचे, रांधायचे, दिवसा कामावर जाऊन संध्याकाळी तिथेच यायचे, अशी तिथली रीत. भाड्याचा साधा बंगला, अंगणात चिकू, दोरीवर वेडेवाकडे पिळलेले सदरे. फाटकाला कुलूप नव्हते. जाणाऱ्याला कोणी अडवत नसे. फक्त एक प्रथा होती: ज्याला घर सोडायचे असेल त्याने सर्वांसाठी चहा करायचा, सर्वांबरोबर बसून स्वतःचा कप संपवायचा आणि मग खुशाल निघायचे.

त्या रविवारी मी भेटायला गेले तर बॅग भरून फाटकाशी ठेवलेली. "मला घेऊन चल," यजमान म्हणाले. "या वासात माझं डोकं फिरेल. घरी राहीन, तुझ्या नजरेसमोर." बोलताना त्यांचे डोळे रस्त्यावर होते. तो रस्ता घरी पोचण्याआधी कुठे वळतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. पुन्हा प्यालात तर आम्ही काही करू शकणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितले होते.

ते चहा ठेवायला आत गेले. मी पायरीवर बसले. सप्तशृंगीच्या गडाची दिशा मला बसल्या जागी कळते. इतक्या वेळा तिकडे तोंड करून मी पदर पसरला आहे. पण त्या दिवशी प्रार्थनेचे शब्द तोंडात कोरडे पडले. ती ऐकते तरी का, अशी शंका प्रथमच इतकी स्पष्ट मनात आली. शेवटी एवढेच म्हणाले, "आई, मला आता मागताही येत नाही. तूच बघ."

आतून लासलगावच्या एका हमालाचा आवाज आला. बाजार समितीत कांद्याच्या गोण्या वाहणारा हा गडी तिथला जुना रहिवासी होता. "साहेब, पळायचं तर पळा, पण आलं नीट ठेचा. मागचा गेला तो पाणचट चहा पाजून गेला. अजून शिव्या खातोय!" कोणीतरी हसले. हमाल पुढे म्हणाला, "वहिनी, साखर कमी पडली तर समजा, साहेबांचं आधीच निम्मं मन रस्त्याला लागलंय." यजमान हसले नाहीत. खलबत्त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

ते ट्रे घेऊन बाहेर आले. ओसरीवर एकेकाच्या हाती कप दिला, मलाही दिला, आणि स्वतःचा उचलला. तेवढ्यात फाटक करकरले. सुरगाण्याकडच्या जीपने वळणावर उतरवलेली एक म्हातारी आत येत होती. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, उन्हाने तांबूस झालेले केस, आणि मागे नुकताच दवाखान्यातून सुटलेला तिशीतला मुलगा. त्याचे दोन्ही हात थरथरत होते. तिने अंगण पाहिले. सगळे बसलेले; एकच माणूस उभा, सर्वांना चहा देणारा. हाच या घराचा कर्ता, असे तिने मानले आणि ती सरळ माझ्या यजमानांसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, हा माझा पोर हाय. लय थकले मी. आता तुझ्या हाती देते." आणि मुलाचा हात उचलून तिने खरोखरच त्यांच्या हातात ठेवला.

"मावशी, मी इथला... मी तर..." त्यांची नजर बॅगेकडे गेली. कोणी म्हातारीची चूक दुरुस्त केली नाही. त्या थरथरत्या हाताचा कंप यजमानांच्या मनगटातून खांद्यापर्यंत चढताना मी पाहिला. मग त्यांनी त्या मुलाला पायरीवर, माझ्या शेजारी बसवले. त्याला कप धरवेना. तेव्हा गुडघे टेकून त्यांनी स्वतःचा, ओठही न लावलेला चहा फुंकर घालून त्याला पाजला. घोटाघोटाने, सगळा.

हमाल हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा राहिला की."

"राहू दे," यजमान म्हणाले.

म्हातारी वळली. जाताना तिचे रिकामे तळवे शरीरापासून किंचित दूर होते, जणू भार उतरवलेले हात कुठे ठेवायचे हे तिला अजून सुचत नव्हते. मी त्या तळव्यांकडे पाहतच राहिले. मी वर्षानुवर्षे देवीच्या पायी नवऱ्याला वाहत होते आणि दर वेळी एक टोक मुठीत धरून ठेवत होते. या बाईने समोरचा कोण, कसा, हेही विचारले नाही. ती कोण होती याचा शोध मी घेतला नाही. घ्यावासाही वाटला नाही. ती त्याच क्षणी का आली, हे जिला ठाऊक आहे तिच्यापाशीच राहू दे. माझ्या वाट्याला कृतज्ञता आली, ती पुरे आहे.

ऊन कलले. यजमान आत त्या मुलाचे अंथरूण घालत होते. त्यांनी बॅग केव्हा उचलून नेली ते मला कळलेही नाही. दाराशी उभी राहून मी म्हणाले, "येते मी."

चादरीची सुरकुती हाताने सरळ करता करता, मान वर न करता ते म्हणाले, "ये."