बाबा फिरायला गेले होते

आमच्या बाबांनी घरात कधी देव ठेवले नाहीत, तिथे भूत कुठून ठेवणार! दाराला लिंबू-मिरची नाही, अमावस्येचं भय नाही. अंगात येणाऱ्या बायका आमची गल्ली टाळून जायच्या, कारण बाबा त्यांना थांबवून प्रश्न विचारायचे. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते 'काय फेकतात लोक' असं म्हणतच... आता माझी पाळी. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही वणीचे. बाबा एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाचे वाईट दिवस आले, गाड्या येईनाशा झाल्या आणि एका हंगामात जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. त्याच वर्षी आई-बाबा बोधगयेला जाणार होते. नागपूरची दीक्षाभूमी सोडली तर दोघं जन्मात कुठे गेले नव्हते. आईने पिशवी भरून ठेवली होती. ती तिने गुपचूप रिकामी केली. पुढे बाबांना पॅरालिसिस झाला, उजवी बाजू पूर्ण गेली. मग काय... खाटेवर बाबा आणि खाटेजवळ आई.

मला फोटोचा नाद. गावात आम्हा हौशी मंडळींचा एक ग्रुप होता. दर रविवारी सकाळी निखाडे काकांच्या घरी जमायचं. काका कोळसा खाणीत सर्व्हेअर होते, कॉम्प्युटर त्यांच्याकडेच होता. सुट्टीत जो जिथे फिरून आला त्याने तिथले फोटो आणायचे, बाकीच्यांनी चुका काढायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून ते सुधारायचे. कलता समुद्र सरळ करा, मध्ये आलेला माणूस काढा, पांढरं फटक आभाळ निळं करा. काकांचा हात इतका साफ की खरं कुठे संपलं आणि खोटं कुठे सुरू झालं, ते आम्हालाही कळायचं नाही.

एका उन्हाळ्यात ग्रुपची बोधगयेची ट्रिप निघाली. मी जाणार नव्हते. आईनेच ढकललं — "जाय, आमच्या वाटचं पाहून ये."

परत आल्यावर फोटो सुधारता सुधारता काका म्हणाले, "बाबाले टाकून देऊ का व याच्यात? खुश होतील."

बाबांचा जिनिंगमधला पांढऱ्या शर्टातला उभा फोटो होता, तो महाबोधी विहारासमोर अगदी चपखल बसला. आईचा मात्र जमेना. तिचा जो एकुलता एक बरा फोटो होता त्यात उजेड उलट्या बाजूने आलेला. काका म्हणाले, "सावली चुकते, बाई. लगेच समजते." म्हणून आई राहिली.

बाबांनी डाव्या हातात फोटो धरला आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग अडखळत म्हणाले, "पाय पोळले व माहे. फरशी लय तापली होती."

मला वाटलं, आजारातलं बरळणं. पण एक सांगते — तिथली फरशी खरंच तापलेली होती, आम्ही सगळे अनवाणी नाचत चाललो होतो आणि हे मी घरी कुणाला बोलले नव्हते. फोटोत बाबा गुडघ्यापर्यंतच होते. दुपारी अंग पुसताना आईने चादर वर केली आणि मला हाक मारली. बाबांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. जे पाय कित्येक महिने जमिनीला लागले नव्हते, त्यांना!

डॉक्टरांनी मलम दिलं, कारण दिलं नाही.

काकांनी ते हसण्यावारी नेलं. बाबांनी नाही. "निखाडेले म्हणा, अजून टाक," असा त्यांचा धोशाच सुरू झाला. ग्रुपमधलं कुणी सिमल्याला जाऊन आलं, त्या फोटोत काकांनी बाबांना बसवलं. फोटो हातात आला की बाबा डोळे मिटायचे, हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. डोळे उघडले की सांगायला लागायचे... बर्फ कसा कुरकुरतो, घोडेवाला कसा मागेच लागला. आई घास भरवता भरवता ऐकायची.

एक दिवस भांडी घासताना ती म्हणाली, "पोरी, मले काहून नाही टाकत तुम्ही? थे एकटेच फिरून राह्यले न."

आयुष्यभर जिने त्यांच्याबरोबर जाण्याची वाट पाहिली, तीच मागे राहत होती.

मग ठरवून केलं. ग्रुपमधल्या एकाने कन्याकुमारीचा फार सुंदर फोटो आणला होता, सकाळचा समुद्र. त्यातला उजेड कुठून येतो ते पाहून मी आईला आमच्या अंगणात तसंच उभं केलं. तिने पांढरी साडी नेसली होती. "हसू का?" म्हणून विचारलं आणि पडलेला दात दिसू नये म्हणून ओठ मिटूनच हसली. काकांनी दोघांना शेजारी उभं केलं, तिचा हात बाबांच्या हातावर. इतकं चांगलं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं.

फोटो घरी आणला तेव्हा आई पाय धुऊन खाटेजवळ बसली. एक कोपरा तिने धरला, एक बाबांनी. बाबांचे डोळे मिटले. आईनेही मिटले. मी दारात उभी होते. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं... आई मात्र मध्येच एक डोळा किलकिला करून त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा मिटायची. ते बघवत नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या पायजम्याचे काठ ओले होते. आईने बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट!

"पाह्यलं का व?" बाबांनी तिला विचारलं. "कशी पाण्यात शिरली तू! गाणं म्हणून राह्यली होती. अन् म्हणे, बोधगया राह्यली तं राह्यली, माह्या मनात काही राग नाही."

"हो," आई म्हणाली. "पाह्यलं न."

स्वयंपाकघरात येऊन माझा हात तिने घट्ट धरला. "म्या काहीच नाही पाह्यलं, पोरी. अन् म्या कवा गाणं म्हणलं?"

काकांनी आणखी फोटो केले. प्रत्येक वेळी बाबा जायचे, त्यांच्याबरोबर फोटोतली ती असायची आणि आई इथेच बसलेली राहायची. हळूहळू बाबा घरात आईशी बोलेनासे झाले. ती काही विचारायला गेली की म्हणायचे, "तिथं बोललो न आपण सारं." त्यांनी जेवण सोडलं. त्यांना तो समुद्राचा फोटोच फक्त हवा असायचा. फोटो लपवला तर लहान मुलासारखे रडायचे, मग आईच तो काढून द्यायची. अशाच एका दुपारी ते गेले. डाव्या हाताची मूठ अर्धवट मिटलेली होती, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. लोक म्हणाले, सुखाने गेले.

मी पुष्कळ विचार केला. मेंदूला मार बसला की माणूस नसलेलं आठवतो, हे मीही वाचलंय. मग फोड? ते खारट पाणी? घाम म्हणावं तर फक्त काठांनाच कसा? काकांनी तो उद्योग कायमचा बंद केला, मी कॅमेरा ठेवून दिला.

भिंतीवर लावायला मी तोच समुद्राचा फोटो मोठा करून आणला. आईने चष्मा लावून तो पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"बाबाले राहू दे. तिले काढ याच्यातून."

"आई, अगं तूच आहेस ती..."

"मी इथंच होती, पोरी, त्याईच्या खाटेपाशी. थे कोण होती, मले नाही माहीत. पण माह्या माणसाचं शेवटचं बोलणं तिनंच ऐकलं."