कार्बोरेटरमधला बर्फ

परमेश्वर गिराम पोखर्णीच्या रानात पोचले तेव्हा साडेअकरा वाजत आले होते आणि विमानाभोवती निम्मं गाव जमलं होतं. सोयाबीन काढून पडीक टाकलेल्या तुकड्यात, बांधापासून चार-पाच हातांवर ते दोन माणसांचं छोटं विमान उभं होतं. चाकाला, पंखाला खरचटलंसुद्धा नव्हतं. सकाळी धुकं विरल्यावर प्राची ते एकटीने घेऊन निघाली होती. वर असताना इंजिनाचा जोर निम्म्यावर आला, आणि तिने खाली मोकळं रान बघून ते टेकवलं. पाथरीच्या एका शिक्षकाची ही मुलगी उड्डाणशाळेत विमान चालवायला शिकत होती.

त्याच उड्डाणशाळेत गिराम चौतीस वर्षं इंजिन मेकॅनिक होते. सगळे त्यांना मामा म्हणत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. विमानं जुनी झाली होती, सोबतचे दोघे सोडून गेले होते आणि तिघांचं काम एकट्यावर आलं होतं. संध्याकाळी घरी पोचले की ते पाव तास ओट्यावर नुसते बसून राहत. तेवढा वेळ त्यांची बायको कमलबाई त्यांच्याशी बोलत नसे, चहासुद्धा विचारत नसे.

जीपमधून पेटी आणि नव्या कार्बोरेटरचं खोकं त्यांनी स्वतःच उतरवलं. ज्यांचं रान होतं ते आश्रुबा पुढे आले.

“मेकॅनिक का? नाव काय म्हनलाव?”

“परमेश्वर.”

“घ्या!” आश्रुबा लोकांकडे वळले. “सकाळी पोरगी आभाळातून आली, अन् परमेश्वर जीपमदून!”

सगळे हसले. मामाही हसल्यासारखे झाले. प्राची पंखाच्या सावलीत गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ती मात्र हसली नाही.

“सकाळधरनं अशीच बसलीय,” आश्रुबा हळू आवाजात म्हणाले. “भाकर दिली तर न्हाई म्हनती. रानाचं काय नुस्कान न्हाई झालं, फिकीर करू नको म्हनलं, तरी रडायलीय. झालंय तरी काय इंजिनाला?”

“साहेब म्हणतात, बर्फ झाला.”

“बर्फ?”

“कार्बोरेटरमध्ये.”

“आवो, बर्फ आमी लगनात बघतो, तोबी मठ्ठ्यात! आमच्या रानावर आभाळात बर्फ कोन न्हेऊन ठिवला?”

मामांनी थोडक्यात सांगितलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेत मिसळतं, तेव्हा आतली हवा एकदम गार पडते. हवा दमट असली तर बाहेर ऊन असलं तरी आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. त्यावर इलाज म्हणून वैमानिकापुढे एक कळ असते. ती ओढली की गरम हवा आत जाते आणि बर्फ वितळतो. आश्रुबांनी मान डोलावली, पण पटलं नाही हे दिसत होतं.

उड्डाणशाळेचे व्यवस्थापक योगीराज साहेब यांना मात्र सकाळीच पटलं होतं. निघताना त्यांनी मामांना सांगितलं होतं, “पोरगी घाबरली, कळ ओढायची विसरली. दुसरं काही नाही. तुम्ही तिथंच कार्बोरेटर उघडून बघा. साफ असेल तर बर्फच. मग तिचं उडणं बंद. असली माणसं वर पाठवायचा जिम्मा मी घेणार नाही.”

बर्फ वितळतो, मागे काही ठेवत नाही. दोष देण्याजोगं आत काहीच सापडलं नाही, की दोष आपोआप माणसाचा होतो.

मामा विमानाखाली पोतं अंथरायला लागले तेव्हा प्राची उठून जवळ आली.

“मामा, मी कळ ओढली होती. पूर्ण. दोनदा.”

“बरं.”

“बरं काय? तुम्हाला तरी खरं वाटतं का?”

“बघू दे मला.”

‘कळ ओढली होती’ हे वाक्य चौतीस वर्षांत त्यांनी पुष्कळांकडून ऐकलं होतं. निम्मे खरं बोलत, निम्मे भीतीने. ऐकून ठरवायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

ते पाठीवर आडवे झाले. गुडघा कटकन वाजला. इंजिनाच्या पोटाशी असलेल्या कार्बोरेटरच्या नटांना बांधलेली तार त्यांनी कापली, पेट्रोलची नळी सोडवली, दोन केबली काढल्या, चार नट फिरवले, आणि तो जड तुकडा छातीवर उतरवून घेतला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच तो उघडून, धुऊन, पुसून बसवला होता. त्यानंतर विमान बावीस तास उडालं होतं.

आश्रुबांनी बाज आणून टाकली, त्यांच्या बायकोने परात दिली. बाजेवर परात ठेवून मामांनी कार्बोरेटर उघडला. तळाशी पाणी नव्हतं, गाळ नव्हता. आतला तरंगता गोळा ठीक, सुई ठीक. मग ज्यातून पेट्रोल वर चढतं ते बारीक छिद्राचं जेट त्यांनी काढलं आणि उजेडाकडे धरलं.

उजेड गोल दिसायला हवा होता. दिसली ती चंद्राची कोर.

चिमट्याने त्यांनी आत अडकलेलं बाहेर ओढलं. अर्ध्या नखाएवढा धागा. इतके दिवस आत कुठेतरी चिकटलेला तो आज सुटून जेटमध्ये अडकला होता. पेट्रोलमध्ये राहूनही त्याचा जांभळा रंग पुरता गेला नव्हता.

मामा त्याच्याकडे बघत राहिले. पुसायला उड्डाणशाळेचं खास कापड असतं, त्याचा तंतू सुटत नाही. ते दोन महिन्यांपासून संपलं होतं. मामांनी दोनदा मागणी लिहून दिली, आणि मग घरी सांगितलं. कमलबाईने आपलं जुनं जांभळं सुती पातळ उकळत्या पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं आणि हातरुमालाएवढे तुकडे फाडून दिले. बाळंतिणीला, तान्ह्या लेकराला, देवाच्या टाकाला जे कापड चालतं, त्याहून स्वच्छ काय असणार? मामांनाही तेव्हा तसंच वाटलं होतं. फाडलेल्या कडेचे धागे सुटतात, ही गोष्ट चौतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होती.

धागा बोटावर होता. फुंकर मारली असती तरी उडून गेला असता. प्राची चार पावलांवर उभी होती, पण तिला एवढं बारीक दिसणं शक्य नव्हतं.

फोन वाजला. योगीराज साहेबांचा.

“हां मामा, उघडलं? साफ आहे ना?”

मामांनी कपाळावरचा घाम दंडाने पुसला.

“नाही साहेब. जेटमध्ये धागा निघाला. पोरीची चूक नाही.”

“धागा? कसला धागा?”

“मी ज्या फडक्यानं पुसलं, त्याचा. घरचं फडकं होतं.”

साहेबांनी आवाज खाली आणला.

“मामा, चार महिने राहिलेत तुमचे. धागा कुठूनही येऊ शकतो. कुणाचा आहे, कोण ओळखणार?”

“मी ओळखला.”

“लेखी द्यावं लागेल. चौकशी लागेल. आणि हे बघा, असं असेल तर आता तुम्हाला त्या इंजिनाला हात लावता येणार नाही.”

“माहीत आहे साहेब.”

फोन ठेवल्यावर त्यांनी धागा एका छोट्या पाकिटात घातला. वर तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक लिहिला आणि खाली आपलं पूर्ण नाव. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं. प्राचीने सगळं ऐकलं होतं. ती बाजेजवळ आली.

“आधी दोन घास खा,” मामा म्हणाले. “आणि घरी फोन कर. वडील वाट बघत असतील.”

ती भाकरी घेऊन बांधाकडे गेली. मामांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. नव्या कार्बोरेटरचं खोकं न उघडता बाजूला सरकवलं. आश्रुबांना राहवलं नाही.

“का वो? नवा कार्बोरेटर आनलाव नव्हं? मग आता बसवनार कोन?”

“दुसरा माणूस येईल. संध्याकाळपर्यंत.”

“अन् तुमी?”

“मी बसतो,” मामा म्हणाले, आणि बाजेच्या कडेला टेकले.