एकोणनव्वद मीटर

केबल ओढायला दोन माणसं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे ऑफिसचं फॉल्स सीलिंग. "सोड रे." "सोडली." "आली का?" "आली." बारा वर्षं माझ्या पलीकडच्या टोकाला एकच माणूस होता. मालवणकडचा, वाकोल्यात खोली करून राहणारा, खिशात कायम बडीशेप. आता मी एकटाच जातो. पलीकडे टेस्टरची डबी खोचतो आणि चालत परत येतो. डबी बोलत नाही.

परवा अंधेरीतल्या एका ऑफिसात सहा वर्षांनी गेलो. त्यांच्या कॉम्प्युटर नेटवर्कच्या स्विचमध्ये नवं मॉड्यूल बसवायचं होतं, म्हणजे अठ्ठेचाळीस नव्या जोडण्या. मॉड्यूल खाचेत सरकवणं पाच मिनिटांचं काम, खरी कटकट त्याच्या आधीची. अर्थिंग तपासायचं. केबली विजेच्या वायरींपासून लांब ठेवायच्या आणि बाजूने वळवून बांधायच्या, नाहीतर उद्या शेजारचं मॉड्यूल काढताना सगळं जंजाळ आडवं येतं. आणि लांबी. आतली केबल फार तर नव्वद मीटर, दोन्ही टोकांच्या छोट्या वायरी धरून शंभर. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

याच ऑफिसात, याच नव्वदवरून आमचं बिनसलं होतं. त्याने ओढलेली शेवटची केबल माझ्या टेस्टरवर एकशे चार आली. तो म्हणाला, "नाय रे, सरळच आणलीय मी." मी कसला ऐकतोय! मॅनेजरसमोर म्हणालो, "तुला विहिरीवर दोर ओढायला ठेवायला हवं." त्याने हात धुतले, पिशवी उचलली आणि गेला. पुढे कळलं, खोली सोडून गावी गेला. नवी केबल मी दुसऱ्या वाटेने एकट्याने ओढली. दोन दिवस लागले.

परवा स्विचच्या रॅकमागे त्याच्या त्या केबलचं हे टोक तसंच गुंडाळून ठेवलेलं सापडलं, बाकीची अजून सीलिंगमध्येच होती. टोकाला जुनी चिकटपट्टी, त्यावर त्याच्या ढोबळ अक्षरात ११२. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. तो दोन्ही टोकांचे आकडे पट्टीवर लिहून ठेवायचा, आणि मी चिडवायचो, "शिंप्याकडे लाग की." शिडी घेऊन दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे २०१.

वजाबाकी सोपी होती, पण मला ती करायची नव्हती. टेस्टर लावला. एकोणनव्वद. मग आठवलं, भांडणाच्या दिवशी सकाळी मी याच टेस्टरने कॅमेऱ्यांच्या जाड केबली तपासल्या होत्या. टेस्टरला केबलचा प्रकार आधी सांगावा लागतो, त्यावरून तो लांबी काढतो. त्याच्या केबलच्या वेळी मी तो बदलायला विसरलो होतो. आता मुद्दाम कॅमेऱ्यांचं सेटिंग लावून पाहिलं. एकशे चार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच. लाज वाटली. 

शिडीवरूनच त्याला फोन लावला. नंबर तोच होता.

"एकोणनव्वदच होती रे," मी म्हणालो. "टेस्टर मी चुकीचा लावला होता."

त्याच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"माका ठावक होता," तो म्हणाला. "दोन्ही टोकांवर लिवलेलं ना मी."

"मग तेव्हा ते आकडे दाखवले का नाहीस?"

"तू खंय इचारलंस?"

खरंच नव्हतं विचारलं. बारा वर्षांत मी त्याला 'आली का' याशिवाय काहीच विचारलं नव्हतं.