कॅल्क्युलेटरला दिवा बसवला तेव्हा

"मॅडम, मिक्सर चालू करू का?" भास्कररावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सकाळचे साडेनऊ झाले होते. मे महिना. खडी, वाळू, सिमेंट सगळं ओढ्याच्या काठावर येऊन पडलं होतं. दहा-बारा माणसं घमेली घेऊन उभी होती. आणि जिथे पुलाच्या तळाचं काँक्रीट पडायचं होतं, नेमकं तिथेच, आदल्या दिवशी दाबलेल्या मुरमावर, गयाबाई मांडी घालून बसल्या होत्या. साठीच्या पुढची बाई, हातात काठी. त्यांच्या मेंढ्या मागे बाभळीखाली माना खाली घालून उभ्या होत्या.

"पूल लई वर घेतलाय बाई तुमी," त्या मला म्हणाल्या. "पाणी आमच्या वस्तीत शिरंल. आधी खाली घ्या, मग म्या उठते."

मी सर्व्हेचं काम करते. बांधकाम कुठे आणि किती उंचीवर करायचं, हे जमिनीवर खुंट्या ठोकून दाखवायचं, हा माझा धंदा. केजला माझं छोटं ऑफिस आहे. वीस वर्षं झाली. त्या पुलाच्या खुंट्या आदल्या दिवशी मीच ठोकल्या होत्या. म्हणजे गयाबाई मुरमावर नाही, माझ्या हिशोबावर बसल्या होत्या. मला त्यांचा चांगलाच राग आला होता.

जागा अशी होती. गावाबाहेर ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची आठ घरं आणि त्यांना लागून मेंढ्यांचे वाडे. जुना पूल म्हणजे सिमेंटचे दोन पाइप. ते गाळानं बुजले होते. गेल्या पावसाळ्यात पाणी तुंबलं, मागे फिरलं आणि वस्तीत शिरलं. गयाबाईंची सात कोकरं वाड्यातच बुडाली. म्हणून आता पाइप काढून तिथे चौकोनी पूल बांधायचा होता. आम्ही त्याला बॉक्स कल्व्हर्ट म्हणतो. काँक्रीटची मोठी पेटीच ती, दोन्ही बाजूंनी उघडी. तिचा तळ बरोबर उंचीला बसला तर पाणी निघून जातं. वर राहिला तर तोच तळ बांधासारखा पाणी अडवतो. वस्तीच्या दृष्टीनं सगळं त्या तळाच्या उंचीवर होतं.

भास्करराव म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. माणूस सरळ. माझ्या खुंटीवर जी खूण असेल तिथे दोरी बांधायची, यापलीकडे ते कधी जात नाहीत. मला याचा अभिमान वाटायचा.

आता माझ्या कॅल्क्युलेटरबद्दल सांगायला हवं. हा साधा बेरीज-वजाबाकीचा नाही, ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे. समीकरण दिलं की पडद्यावर आलेख काढून दाखवतो. आणि मुख्य म्हणजे त्यात आपला प्रोग्रॅम लिहून ठेवता येतो. मला याचं वेड आहे. घरी असे सहा आहेत. त्यातले चार कोणीतरी बिघडले म्हणून टाकून दिलेले, मी उघडून जिवंत केलेले. एकात मी मेंढ्या वाड्यात कोंडायचा खेळ लिहिलाय. मेंढी म्हणजे एक ठिपका. तरीही पहाटे उठून मी तो खेळले आहे.

आमचे हे शाळेत मराठी शिकवतात. एप्रिलमध्ये मी कामाच्या कॅल्क्युलेटरचा पडदा खोलून त्याच्यामागे दिवा बसवत होते, तेव्हा ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तू दिवसभर उन्हात उभी असतेस. तुला दिव्याचा पडदा कशाला?"

"हौस," मी म्हटलं.

"मग हौसेचा वेगळा ठेव की. कामाचा कशाला उघडतेस?"

मी तरीही पुढचा स्क्रू काढला. खरं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

तर आदल्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. मी साइटवर उशिरा पोहोचले, ऐन बाराला. ऊन असं की लोखंडी टेपला हात लावता येईना. लेव्हल म्हणजे तीन पायांवर बसवलेली दुर्बीण. तिच्यातून समोरच्या स्टाफवरचा, म्हणजे उभ्या धरलेल्या मोठ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. त्यावरून जमिनीची उंची निघते. नकाशातली उंची आपल्याला माहीत असते. एकातून दुसरी वजा केली की कळतं, इथे किती खणायचं किंवा किती भरायचं. माझा प्रोग्रॅम हे सगळं एका दमात करायचा. मी फक्त स्टाफवरचा आकडा टाकायचा. उत्तर नुसतं आलं तर भराव. उत्तराच्या आधी वजा चिन्ह आलं तर खोदाई.

तीन खुंट्या होत्या. उत्तरं आली बेचाळीस सेंटिमीटर, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. वजा नाही. म्हणजे भराव. मला नवल वाटलं नाही. गेल्या वर्षीच्या पाण्यानं ओढ्याचा तळ खरवडून निघाला असेल, असं मी धरून चालले. एक गोष्ट मात्र दिसली होती. अठ्ठेचाळीसमधला आठ विचित्र दिसत होता. त्याची कंबरच तुटली होती. मी कॅल्क्युलेटरला बोटानं दोन टिचक्या मारल्या, घाम पुसला आणि पुढे गेले. संध्याकाळपर्यंत माणसांनी खुणेइतका मुरूम टाकून दाबला.

आणि सकाळी गयाबाई येऊन बसल्या.

मी त्यांना समजावून सांगायला लागले. "मावशी, ओढ्याचा तळ पुरानं खरवडलाय. खड्डा पडलाय. तो भरून काढला आहे, बाकी काही नाही."

"कोन म्हनलं खरवडलाय?" त्या म्हणाल्या. "गाळानं भरलाय त्यो. हितं म्या कमरेएवढं खाली उतरून मेंढ्यांना पाणी पाजायचे. म्या रोज हितं येते, तुमी काल आलात."

"मोजून काढलंय मी."

"मोजा की. कशापायी वर आलं ते सांगा."

भास्करराव हळूच म्हणाले, "मॅडम, पोलीस पाटलाला बोलवू का? बाई काय ऐकायची न्हाई."

इथे मला माझी हौस दाखवायची हुक्की आली. प्रोग्रॅम प्रत्येक उत्तर साठवून ठेवतो. त्याचा आलेख काढता येतो. शब्दांनी पटत नसेल तर चित्रानं पटेल, असं मला वाटलं. मी गयाबाईंच्या शेजारी मुरमावर बसले आणि पडदा त्यांच्यासमोर धरला.

"ही आडवी रेघ बघा. ही म्हणजे भराव टाकायच्या आधीची जमीन. आता आपल्या पुलाचा तळ कुठे येतो ते बघा. या रेघेच्या वर..."

मी बटण दाबलं. तीन ठिपके उमटले, त्यांना जोडणारी रेघ आली. ती आडव्या रेघेच्या खाली होती.

गयाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खालीच हाय की," त्या म्हणाल्या.

मी आलेख पुसून पुन्हा काढला. रेघ खालीच. साठवलेले आकडे उघडले. वजा बेचाळीस. वजा पंचेचाळीस. वजा अठ्ठेचाळीस. तिन्हीच्या आधी स्वच्छ वजा. माझ्या वहीत काल मी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आकड्यांना मात्र वजा नव्हतं.

"थांब बे, चालू करू नको!" भास्करराव मिक्सरवाल्यावर ओरडले. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

एखादा आकडा चुकला तर मी घाबरत नाही. पण तोच आकडा काल एक आणि आज दुसराच दिसतो म्हटल्यावर मी घाबरले. मी काल वापरलेला स्टाफचा आकडा पुन्हा टाकून प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं वजा बेचाळीस. वजा दिसतंय. मग काल का दिसलं नाही? कालचं आणि आजचं वेगळं काय? काल दुपार होती. आत्ता सकाळ आहे, आणि कॅल्क्युलेटर आत्तापर्यंत माझ्या पिशवीत ओल्या रुमालाशेजारी होता.

भास्कररावांची जीप उन्हात उभी होती. मी कॅल्क्युलेटर तिच्या बॉनेटवर ठेवला आणि उभी राहिले. सगळे बघत होते. मिनिटं जात होती.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत वजा चिन्ह फिकट झालं, तुटलं आणि गेलं. उरले नुसते बेचाळीस.

कारण साधं आहे. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांच्या ओळी. प्रत्येक ओळीला एक तार लागते, आणि या सगळ्या तारा एका चपट्या पट्टीत असतात. तिला रिबन म्हणतात. मागे दिवा सरकवताना मी पडदा उचलला, तेव्हा ही रिबन एका जागी किंचित सुटली होती. थंडीत चिकटायची, तापली की उघडायची. उघडली की एक आडवी ओळ मरायची. प्रोग्रॅम उत्तर दर वेळी पडद्यावर एकाच जागी दाखवायचा, आणि मरायची ती नेमकी तिथलीच ओळ, जी आठाच्या कंबरेतून जाते. आणि वजा चिन्ह तर अख्खंच्या अख्खं त्या एकाच ओळीवर बसलेलं असतं. आठाचं थोडं तरी उरलं होतं, वजाचं काहीच उरलं नाही.

मी लेव्हल पुन्हा लावली. या वेळी कॅल्क्युलेटर पिशवीतच ठेवला आणि वहीत हातानं वजाबाकी केली. या वहीत, म्हणजे लेव्हल बुकात, त्यासाठी रकाने छापलेलेच असतात. प्रोग्रॅम लिहिल्यापासून मी ते रिकामे ठेवत आले होते. तिथे एकदा जरी आकडे लिहिले असते, तरी कालच हे दिसलं असतं. खोदाईच्या जागी आम्ही भराव केला होता. तळ एका टोकाला चौऱ्याऐंशी सेंटिमीटर वर होता, दुसऱ्या टोकाला शहाण्णव. म्हणजे गयाबाई म्हणत होत्या तेवढाच, कमरेएवढा.

"माणसांना काय सांगू?" भास्कररावांनी विचारलं. "मशीन बिघडलं म्हनतो."

"मशीन मीच बिघडवलंय. मॅडमची चूक झाली म्हणून सांगा."

त्यांनी खरंच तसं सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच. ऐकून मला लाज वाटली. पण बरंही वाटलं.

मी गयाबाईंपुढे जाऊन उभी राहिले. "मावशी, तुमचं खरं आहे. पूल खाली घेतो. आता उठा."

"खरंच घेता, का म्या गेल्यावर पुन्हा भरता?"

"तुम्ही बघत बसा हवं तर."

त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. बाभळीखाली बसून त्यांनी जेसीबीचं एकूण एक काम बघितलं. मुरूम निघाला, त्याखालचा गाळ निघाला. अर्धा मीटर गाळाखाली जुना घट्ट तळ लागला, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "ह्यो बघा माजा ओढा," त्या म्हणाल्या.

मी जीपच्या सावलीत जाऊन बसले. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि एका दमात अर्धी संपवली. खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं. आणखी अर्धा तास गेला असता तर काँक्रीट पडलं असतं. आणि पडलेलं काँक्रीट कोणी फोडत नाही. त्याच्यावर कागद तयार होतात, सह्या होतात आणि तेच बरोबर ठरतं. पाणी वस्तीत शिरलं असतं तर सगळ्यांनी पावसाला दोष दिला असता. मला कोणी काही म्हटलंही नसतं. पण ते माझ्या हातून झालं असतं.

दुपारी चारला मिक्सर सुरू झाला. अंधार पडायच्या आत तळ पूर्ण झाला. ओल्या काँक्रीटची उंची मी लेव्हल लावून तीनदा तपासली. भास्करराव म्हणाले, "आता पुरे मॅडम, त्याला सुकू द्या."

घरी गेल्यावर मी रिबन पुन्हा चिकटवली. दिवा काढला नाही, तेवढी सुधारणा माझ्यात झालेली नाही. पण तो कॅल्क्युलेटर आता घरीच असतो. कामाच्या कॅल्क्युलेटरमधला प्रोग्रॅम बदलला. तो आता वजा दाखवत नाही, इंग्रजी अक्षरांत खोदाईला 'कट' किंवा भरावाला 'फिल' असा पुरा शब्द लिहितो. एक ओळ मेली तरी शब्द ओळखू येतो. लेव्हल बुकातले रकानेही मी भरते. त्याला दोन मिनिटं जास्त लागतात. आणि आपल्या खुंटीवर कोणी येऊन बसलं, तर आधी लेव्हल लावायची आणि मग रागवायचं, एवढं मी शिकले.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, म्या गयाबाई बोलतेय. रातच्याला लई पाणी आलं ओढ्याला."

माझा घास हातातच राहिला. "मग?"

"मग काय. पुलाखालून गेलं. वस्तीत न्हाई आलं. मेंढ्या वाड्यात सुक्या हायत. तुमाला सांगावं वाटलं."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ह्यांनी विचारलं, "कोणाचा फोन?" तर "मेंढ्या सुक्या आहेत," असं मी सांगितलं, एवढं आठवतं. वीस वर्षांत, काम बरोबर झालं म्हणून मला फोन करणाऱ्या त्या पहिल्याच. बिघडलं की सगळेच करतात.