फिट या शब्दाचं काय करायचं

शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासून या इटुकल्या शब्दाचा मला रागच येतो. झंपर अंगाला नीट बसला, की फिट. काच खिडकीत बसवली, की फिट केली. माणूस धडधाकट, तर फिट. आणि तोच तोंडाला फेस येऊन पडला, तर त्याला फिट आली! काय म्हणावं याला? एकदा चिडून कोश काढला. पडण्याची ती फिट म्हणे जुन्या इंग्रजीत झगडा, झुंज. धडधाकट फिटचं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही. पण त्याच्या क्रियापदाचा एक जुना अर्थ होता, फौज रांगेत उभी करणं. तिथं माझं बोट थांबलं. दादा आठवला.

इंग्रजांची लढाई चालू होती. साताऱ्याकडच्या आमच्या गावात ज्या घरचा पोरगा पलटणीत नाही, त्याला चावडीवर कोण विचारतंय! आबा, आमचे वडील, स्वतः पलटणीतले पेन्शनर. दादाला फेफरं यायचं, पण ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्यात माझी सोयरीक ठरलेली. भरतीवाले आले तेव्हा निम्मं गाव तिथं उभं. डॉक्टरला सांगणं म्हणजे दवंडीच की! घरच्यांनी ते लपवलंच. दादाच्या छातीवर खडूनं खूण झाली.

"पोरगं फिट हाय!" आबांनी गूळ वाटला. मी मनात म्हणत होते, तिकडं लढाईवर नदीच्या पाण्यात असताना, हातात बंदूक असताना फेफरं आलं तर?

स्टेशनवर आईनं दादाला ओवाळलं. दादा गाडीत चढला. त्याच्या शेजारी माणदेशातलं धनगराचं एक भरती झालेलं पोर बसलं होतं. आई खिडकीतून त्या पोराच्या कानाशी लागली, "बाबा, ह्यो पडला तर कुशीवर कर. जीभ चावतो."

"आवं आय, मला कुटं धाडत्यात, ह्याला कुटं, कुणाला ठावं?"

गाडीनं शिट्टी दिली. आईनं तबक फलाटावर ठेवलं आणि ती डब्याच्या दारातल्या हवालदाराकडं बघून ओरडली, "हवालदारसायेब, उतरवा त्याला! फेफरं येतं माझ्या पोराला! लपवलंय आमी!"

सगळं गाव ऐकत होतं. आबा खाली बघत राहिले. दादाला उतरवलं. सोयरीक लगेच मोडली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, दादा घरी होता ना.

पुढं आई वारेपर्यंत दादा तिच्याशी बोलला नाही. ती रोज वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा.