तिसरा बिंदू

आलेखाच्या कागदावरची एक जागा खोडरबराने इतकी घासली होती, की उजेडाला धरल्यावर तिथून आरपार दिसत होतं. वही दहावीतल्या सायलीची. रेषेसाठी तीन बिंदू घ्या, असं मी वर्गाला सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते समीकरणातून काढले. हिने घरी पेल्यात लावलेल्या वालाच्या रोपाची उंची तीन दिवस मोजून आणली, आणि तिसरा बिंदू रेषेबाहेर गेला. बीजगणिताच्या तासाला असं झालं की आम्ही एकच सांगतो, तुझं चुकलंय. मीही लाल शाईने लिहिलं, ‘तपासून पाहा.’

“मग काय केलंस?” मी विचारलं.

“थोडी उंची वाढवली, बाई, अंदाजाने. आता बसतोय.”

संताप आला, पण तिचा नव्हे. सांख्यिकी पुस्तकाच्या शेवटी कोंबणाऱ्यांचा आला आणि त्याहून जास्त माझा. जूनमध्ये आम्ही सरळ रेषा घोटून घेतो. खरी मापं मात्र विखुरतात, त्यांतूनच अंदाज बांधायचा असतो, हे पोर्शन संपवायच्या घाईत शेवटच्या दोन तासांत उरकतो. तोवर पोरं खोटं बोलायला शिकलेली असतात, तेही नीटनेटकं, पट्टी लावून.

“मूळची उंची किती होती गं?”

“आठवत नाही, बाई. आणि रोप तर वाळलं.”