पुसलेला ठिपका

आमच्या ह्यांना वाकडं काही खपत नाही. भिंतीवरचा फोटो जरा कलला तरी घास घशाखाली उतरत नाही. हातातलं ताट बाजूला ठेवून आधी फोटो सरळ करणार. व्यवसायाने रंगारी. एरवी लोकांच्या भिंती रंगवतात आणि सुटीच्या दिवशी आमच्या क्लबच्या फुटबॉल मैदानावर पांढऱ्या रेघा आखतात. त्या पांढऱ्या भुकटीला फक्की म्हणतात, म्हणून सगळे ह्यांना फक्कीकाका म्हणतात. लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे. फुटबॉलचं कोणी बोललंच नव्हतं!

खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, टेपने मोजायचं, आणि मग फक्कीचं गाडं इतकं हळू ढकलायचं की जणू आत बाळ झोपलंय. मी एकदा म्हटलं, "अहो, पोरं पाच मिनिटांत तुडवून टाकतात, कशाला एवढा जीव काढता?" तर म्हणाले, "पाच मिनिटं तरी बरोबर असायला नको का?" मी कपाळावर हात मारून घेतला!

लेक ह्याच मैदानावर वाढली आणि क्लबच्या महिला संघाची कप्तान झाली. विभागाच्या लीगमध्ये महिलांचे दोन गट आहेत. गटातला प्रत्येक क्लब दुसऱ्या प्रत्येक क्लबशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. हंगामाच्या शेवटी वरच्या गटात जो तळाला राहील, तो खालच्या गटात जातो. आणि विभागाचा संघ निवडतात तो फक्त वरच्या गटातून. त्या वर्षी आमचा क्लब गटांगळ्या खात होता. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता; तो नुसता बरोबरीत सुटला तरी आम्ही वाचणार होतो; हरलो की खाली. निवड समितीच्या बाई लेकीचा खेळ पाहायला मुद्दाम येणार होत्या. क्लब खाली गेला तर तिचं नाव आपोआप कटणार होतं.

त्या दिवशी सकाळी त्याच मैदानावर लहान मुलींचा सामना झाला. लहानांची पेनल्टी गोलच्या जवळून मारतात, त्यामुळे ह्यांनी दोन्ही गोलांसमोर दोन-दोन ठिपके घातले होते, एक लहानांचा, एक मोठ्यांचा. दुपारी रेफ्रींनी मैदान पाहिलं आणि म्हणाले, "काका, लहानांचे तेवढे पुसून टाका, उगाच गोंधळ नको." हे पुसायला गेले. एका टोकाचं काम झालं. दुसऱ्या टोकाला पोहोचले आणि नेमक्या तेव्हाच निवड समितीच्या बाई लेकीशी बोलायला आल्या. मग काय! बूट मातीवर घासतोय आणि डोळे नि कान तिकडे. मला लांबून बघून हसू येत होतं.

पाहुण्यांनी पूर्वार्धातच गोल केला. आमच्या मुलींनी नंतर जिवाचं रान केलं, पण चेंडू काही आत जाईना. सामना संपत आला आणि आमच्या एका मुलीला त्यांच्या बचावपटूने गोलसमोर पाडलं. शिट्टी झाली. पेनल्टी! लेकीने चेंडू उचलून ठिपक्यावर ठेवला. सगळे नाचायला लागले, आणि माझ्या शेजारी उभे असलेले हे मात्र पांढरेफटक पडले.

"अगं, मी चुकीचा ठिपका पुसला."

"म्हणजे?"

"हा लहानांचा आहे. फार जवळ आहे."

"कोणाच्या लक्षात आलंय का?"

"माझ्या आलंय ना."

मी त्यांची बाही घट्ट धरली. "गप उभे राहा. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." आई आहे मी, पुन्हा तशी वेळ आली तरी धरीन. त्यांनी हळूच बाही सोडवून घेतली आणि थेट मैदानात शिरले.

मग विचारू नका. आमचा कोच डोकं धरून ओरडला, "काका, वेड लागलंय का? आजच सुचलं?" रेफ्रींनी परवानगीशिवाय आत आल्याबद्दल ह्यांना आधी झापलं, मग ऐकून घेतलं. टेप आली. मोजलं, तर हे म्हणत होते तेच निघालं. ह्यांनी गुडघ्यावर बसून नवा ठिपका घातला. लेक कमरेवर हात ठेवून बघत होती.

"झालं मोजून?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मग सरका, बाबा."

तिने मारला, जोरात आणि कोपऱ्यात. त्यांची गोलकीपर झेपावली, तिची बोटं लागली आणि चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला. थोड्याच वेळात सामना संपला. आमचा क्लब खालच्या गटात गेला. निवड समितीच्या बाई गाडीकडे निघून गेल्या.

क्लबमधलं कोणी ह्यांच्याशी बोललं नाही. घरी आल्यावर लेकीने बूट दाराशी आपटले आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा ठेवला. हे उंबऱ्यातच उभे.

"माझ्यामुळे गेलं तुझं," हे म्हणाले.

"हो, तुमच्यामुळेच!" ती कडाडली. "पुसताना खाली बघायचं नाही का? बाई काय म्हणाल्या ते मी घरी येऊन सांगितलं नसतं?"

ह्यांनी मान खाली घातली. "आणि मैदानात आलो ते?"

"ते काय विचारताय? तुम्ही गप्प बसला असतात आणि मला मागाहून कळलं असतं ना, तर मी तुमच्याशी बोललेच नसते."

हे भिंतीकडे तोंड करून रडले. एवढ्या संसारात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी दोघांवरही चिडले होते. हातातोंडाशी आलेलं गेलं आणि ह्या बापलेकीचं आपलं भलतंच! पण दोघांकडे बघून ऊर भरून आला, तो काही मला आवरता आला नाही.

पुढच्या हंगामात वरच्या गटातल्या एका क्लबने लेकीला बोलावलं. गेली असती तर निवडीचा रस्ता पुन्हा मोकळा झाला असता. मी तर बॅग भरायलाही घेतली होती. "आई, राहू दे," ती म्हणाली. "तिथलं मैदान कोण आखतं, मला माहीत नाही."